सुटका झाली, अंगावरच्या गोचिडांचे काय?

जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने अमेठी जिल्ह्यातील एका घरावर छापा घातला आणि पोत्यांत कोंबलेली ६,४३० कासवे ताब्यात घेतली. एकूण वजन सुमारे ४.४ टन. फ्लॅपशेल या नावाने ओळखली जाणारी ही मऊ कवचाची कासवे गंगेच्या खोऱ्यातील तळ्यांत, कालव्यांत आणि भातखाचरांत राहतात, आणि मांसाच्या चोरट्या व्यापाराला ती सर्वाधिक बळी पडतात. देशातील मोठ्या कासव-जप्तींमध्ये या कारवाईची गणना झाली आणि ती योग्यच होती. मात्र इतकी कासवे एकदम पोत्यांबाहेर आली की ती कुठे ठेवायची, किती दिवस ठेवायची, कोणी तपासायची, त्यांच्या कातडीच्या घड्यांत चिकटलेल्या जळवांचे आणि रक्तात फिरणाऱ्या परजीवींचे काय करायचे, हे प्रश्न बातमी संपल्यावर सुरू होतात. त्यांची उत्तरे सहसा छापून येत नाहीत.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बचावाचा हिशेब दोनच आकड्यांत मांडला जातो: पकडले किती आणि सोडले किती. या दोहोंच्या मधला काळ, म्हणजे तपासणी, उपचार आणि विलगीकरण, हिशेबाबाहेर राहतो. करोनाच्या दिवसांत विलगीकरण हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक झाला. साप आणि कासव यांच्या बाबतीत मात्र तो अजून प्राणिसंग्रहालयांच्या नियमावलीतून फारसा बाहेर पडलेला नाही. लखनौसारख्या शहरात तरी हे चित्र बदलायला हवे. त्यासाठी लागणारी विद्या त्या शहराला नवी नाही. एका अर्थी देशात ती तिथेच रुजली.

आधी परजीवींविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रानातल्या सापाच्या अंगावर गोचीड दिसला म्हणजे तो साप आजारी आहे असे नव्हे. धामण, नाग, अजगर आणि घोरपड यांच्या अंगावर अँब्लिओमा कुळातले गोचीड भारतभर आढळतात. खवल्यांच्या मधल्या मऊ कातडीत तोंड रुतवून ते रक्त पितात, टम्म फुगतात आणि गळून पडतात. धडधाकट धामणीला अशा पाचसहा गोचिडांनी काही होत नाही. पोटातल्या जंतांचेही तसेच. वनस्पती खाणाऱ्या भूचर कासवांच्या आतड्यांत सूतकृमी हजारोंनी असतात आणि कासव वर्षानुवर्षे सुखाने जगते. परजीवी हा निसर्गाच्या संसारातला एक जुना भाडेकरू आहे. घर पाडून त्याला चालणार नसते. म्हणूनच सापाला कॅमेऱ्यासमोर घट्ट धरून चिमट्याने एकेक गोचीड उपटण्याच्या ज्या चित्रफिती लक्षावधी लोक कौतुकाने पाहतात, त्यांतल्या बऱ्याचशा बचाव या नावाला पात्र नाहीत. ओढून काढलेल्या गोचिडाचे तोंड कातडीत तुटून राहते आणि तिथे पू धरतो. शिवाय इतका वेळ दाबून धरलेल्या रानसापाला जो ताण सोसावा लागतो तो गोचिडाच्या दंशाहून कमी नसतो. रॉकेल आणि फिनेल यांची गोष्टच नको.

खरे संकट बंदिवासात जन्मते. सापाच्या अंगावरचा माइट, शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस, हा मोहरीच्या दाण्याहूनही लहान जीव आहे. भुकेला असताना तो फिकट असतो, रक्त प्यायल्यावर काळा दिसतो. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या घडीत, खवल्यांच्या सांध्यांत तो दडून बसतो. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचा त्याचा प्रवास उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो आणि एकेक मादी डझनावारी अंडी घालते. रानात हे गणित सापाच्या बाजूचे असते. साप एका जागी राहत नाही. कात टाकतो आणि कातीबरोबर अंगावरच्या कितीतरी माइटांना मागे सोडून निघून जातो. गारुड्याच्या टोपलीत त्याला जायला जागा नसते. वेताच्या विणीत, फडक्याच्या शिवणीत माइटांची अंडी सुरक्षित राहतात आणि कात टाकूनही साप त्याच माइटांच्या शेजारी निजतो. श्रावणातली लखनौची दमट उष्ण हवा तर या किड्यासाठी घडवल्यासारखी. रक्त कमी होत जाते, कात अर्धवट निघते, डोळ्यांवरचे जुने आवरण तसेच चिकटून राहते. एका सापाच्या रक्तातले जिवाणू दुसऱ्याकडे पोहोचवण्याचे कामही हाच माइट करतो. पाण्याच्या भांड्यात तासन्तास वेटोळे घालून बसलेला बंदिस्त साप पाहून लोक म्हणतात, उन्हाळा सोसत नाही बिचाऱ्याला. पुष्कळदा तो माइट बुडवण्याची धडपड करत असतो.

अवधात नागपंचमीला गुडियाचा सण म्हणतात; मुली कापडी बाहुल्या टाकतात आणि मुले त्या काठ्यांनी बडवतात. याच दिवसांत टोपल्या घेतलेले गारुडी रस्त्यांवर दिसतात. टोपलीतल्या नागाचे दात उपटलेले असतात, कधी तोंड टाक्यांनी शिवलेले असते, आणि दूध पिण्याइतका तो तहानावा म्हणून कित्येक दिवस त्याला पाणीही मिळालेले नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा धंदा कधीच बेकायदा ठरला आहे. वनखाते आणि स्वयंसेवी संस्था दरवर्षी असे नाग सोडवतात, हे पुण्यकर्म निर्विवाद आहे. पण अशा नागाला त्याच पिशवीत घालून, ज्या पिशवीत काल एखाद्या वसाहतीतून उचललेली धामण होती, संध्याकाळी जवळच्या रानात सोडले, तर सोडवणूक एका नागाची झाली आणि टोपलीतला माइट रानात गेला. त्या नागाचेही काही भले झाले असे नाही. दात गेलेला, तोंडात जखमा असलेला, अंगात रक्त नसलेला साप रानात भक्ष्य कसे मिळवणार?

नोव्हेंबर २०२३ मध्ये नोएडात नऊ साप जप्त झाले, त्यांत पाच नाग होते. पशुवैद्यकीय तपासणीत नागांच्या विषग्रंथी काढून टाकलेल्या आढळल्याच्या बातम्या आल्या. देशभर चर्चा रंगली ती मेजवान्यांची आणि प्रसिद्ध माणसांची. विषग्रंथी नसलेला नाग पुढे जगतो कसा, त्याला रानात सोडावे की जन्मभर सांभाळावे, हा प्रश्न कोणत्याही वाहिनीवर रात्री नऊ वाजता चघळला गेला नाही. एक कायदेशीर अडचणही इथे आहे. जप्त केलेला जिवंत प्राणी हा खटल्यातला मुद्देमाल ठरतो आणि त्याची पुढची वाट न्यायालयाच्या आदेशावर अवलंबून असते. आदेश येईपर्यंत तो कुठल्या तरी खोलीत, बहुधा इतर प्राण्यांच्या शेजारी, वाट पाहत राहतो. परजीवींच्या दृष्टीने ही वाट पाहण्याची खोली म्हणजे टोपलीचाच विस्तार.

लखनौ विद्यापीठ १९२० मध्ये स्थापन झाले. त्याच्या प्राणिशास्त्र विभागातील गोविंद सिंग थापर यांनी १९२५ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत राहणाऱ्या ऑक्सियुरिड सूतकृमींवर विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. जगातले कृमिशास्त्रज्ञ आजही त्याचा दाखला देतात. पुढे लखनौ हे भारतीय कृमिशास्त्राचे माहेरघरच झाले. कासवे, सरडे आणि साप यांच्या पोटातून काढलेले कृमी काचपट्ट्यांवर बसवून, रंगवून, त्यांची बारीक चित्रे काढून नामकरण करण्यात तिथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या खपल्या. याच शहरात, नवाबी काळातल्या छत्तर मंझिल या प्रासादात, १९५१ मध्ये केंद्रीय औषधी संशोधन संस्था उभी राहिली. मलेरिया आणि हत्तीरोग यांच्या परजीवींशी झुंजण्यात तिचे आयुष्य गेले. मेंदूच्या मलेरियावरचे आर्टीथर हे औषध तिथलेच. शहराच्या कडेला कुकरैलच्या वनात १९७८ पासून घडियाल पुनर्वसन केंद्र आहे. चंबळच्या वाळूतून आणलेली अंडी तिथे उबवली जातात, पिल्ले वाढवून नद्यांत सोडली जातात. कासवांच्या संवर्धनासाठी काम करणारी टर्टल सर्व्हायव्हल अलायन्स ही संस्थाही भारतात लखनौतूनच चालते.

इतकी साधनसंपत्ती एका शहरात देशात अन्यत्र क्वचितच सापडेल. तिची फळे मात्र वेगवेगळ्या टोपल्यांत पडली. जुन्या कृमिशास्त्राने मेलेल्या सापाचे पोट उघडून नाव दिले. ज्या सापात तो कृमी होता तो त्यामुळे किती दुबळा झाला होता हे विचारणे त्या काळच्या शास्त्राचे काम नव्हते. औषधशास्त्राने माणसाच्या परजीवीकडे पाहिले, आणि तेही रास्तच. बचाव करणारे हात तिसरीकडेच राहिले. सर्पमित्राच्या पिशवीतली विष्ठेची एक गोळी विद्यापीठाच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाईल, अशी कोणतीही व्यवस्था आपोआप तयार होत नाही. ती कोणाला तरी बांधावी लागते.

या दुराव्याची किंमत काय असते ते चंबळने दाखवून दिले आहे. डिसेंबर २००७ ते मार्च २००८ या हिवाळ्यात तिथे शंभराहून अधिक घडियाल मेले. देशविदेशातले तज्ज्ञ धावले. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी झालेली आणि गाउटची लक्षणे दिसली. माशांतून आलेल्या विषाकडे बोट दाखवले गेले, पण निर्विवाद पुरावा हाती लागला नाही. अशा वेळी सर्वांत आधी प्रश्न येतो तो हा, की निरोगी घडियालाच्या रक्तात, यकृतात, आतड्यांत नेहमी काय असते? कोणते परजीवी त्याच्या नित्याच्या सोबतीतले आणि कोणते पाहुणे? ही तुलनेची पट्टी सुखाच्या दिवसांत तयार करून ठेवावी लागते. आग लागल्यावर विहीर खणायला घेणे, ही म्हण मराठीत उगाच रूढ झालेली नाही.

साप जिथून उचलला तिथून दूर नेऊन सोडला तर परजीवीही दूर जातो. या साध्या वाक्याचा अर्थ अमेरिकेतल्या फ्लोरिडाने फार महागात शिकून घेतला. आग्नेय आशियातून पाळण्यासाठी नेलेले बर्मी अजगर तिथल्या एव्हरग्लेड्स दलदलीत मोकाट झाले, हे जगाला माहीत आहे. त्या अजगरांच्या फुप्फुसांतून रेलिएटिएला ओरिएंटॅलिस नावाचा आशियाई परजीवीही गेला, हे फार थोड्यांना माहीत असते. दिसायला कृमी, पण वंशाने खेकडा-झिंग्यांचा नातलग असलेला हा जीव सापाच्या फुप्फुसात राहून रक्त पितो. झुरळे, बेडूक, पाली अशा पायऱ्यांनी तो फ्लोरिडातल्या स्थानिक सापांपर्यंत पोहोचला. २०१८ मध्ये संशोधकांनी हा प्रसार सविस्तर मांडला. पुढे तर जिथे अजगर अजून पोहोचलेही नाहीत तिथल्या सापांतही तो सापडू लागला. यजमान मागे राहिला आणि भाडेकरू पुढे गेला. भारतातल्या शहरांतूनही आता परदेशी अजगर आणि सरडे घरोघरी पाळले जात आहेत. २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली, हे बरे झाले. नोंदणीने मालक कळतो. त्याच्या सापाच्या फुप्फुसात काय आहे ते कळत नाही. कंटाळून सोडून दिलेला किंवा विमानतळावर जप्त झालेला असा एखादा साप देशी सापांच्या शेजारच्या पेटीत ठेवला, तर फ्लोरिडाची गोष्ट उलट दिशेने सुरू व्हायला एक झुरळ पुरे.

उपचारही जपूनच करायला हवेत. आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचे जगप्रसिद्ध औषध. त्याच्या शोधाला २०१५ चे नोबेल मिळाले. गुराढोरांसाठी ते गावोगावच्या औषधांच्या दुकानांत असते आणि सापावरच्या माइटांसाठी जाणकार पशुवैद्य ते काळजीपूर्वक वापरतातही. तेच औषध कासवाला दिले तर अंग लुळे पडून कासव मरू शकते. हे १९८० च्या दशकापासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. बचाव केंद्रात साप आणि कासवे एकाच छपराखाली असतात, वैद्य आठवड्यातून एकदा येतो, आणि मदतनीसाच्या हाती एक बाटली असते. सदिच्छेने दिलेला एक थेंब जप्तीतून वाचलेल्या कासवाचा शेवट करू शकतो. सापांचे आणि कासवांचे वैद्यक ही वेगळी विद्या आहे, पशुवैद्यकाच्या पदवीतल्या एखाद्या प्रकरणात ती मावत नाही, हे सरकारने आणि विद्यापीठांनीही मान्य करायला हवे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि त्याला उडवून लावता येणार नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मेली, असा अंदाज एका मोठ्या मृत्यू-अभ्यासातून निघाला. उत्तर प्रदेश हे सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांपैकी एक. त्या राज्याने २०१८ मध्ये सर्पदंश हा राज्य आपत्तीत धरला आणि मृताच्या कुटुंबाला चार लाख रुपये मदत ठरवली. ज्या गावात प्रतिसर्पविष वेळेवर पोहोचत नाही, त्या गावाला सापाच्या अंगावरच्या माइटांची चिंता सांगणे हा शहरी चोचला नाही का? प्रश्न बिनतोड वाटतो. पण सर्पदंश कमी करण्याच्या कामात सर्वांत पुढे उभा असतो तो सर्पमित्रच. घरात निघालेला घोणस लोकांनी काठीने मारण्याऐवजी फोन करावा, ही सवय त्याच्यामुळे लागते, आणि काठी घेऊन सापाच्या जवळ जाणारा माणूस दंशाच्या तडाख्यात सापडतो हे सर्वज्ञात आहे. हाच सर्पमित्र दिवसाला चार-पाच साप उघड्या हातांनी हाताळतो. सापांचे काही परजीवी माणसातही शिरतात. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरात २०२२ मध्ये एका चौसष्ट वर्षांच्या बाईच्या मेंदूतून आठ सेंटिमीटर लांबीचा जिवंत कृमी शस्त्रक्रियेने काढला गेला. तो तिथल्या अजगराच्या पोटातला होता आणि घराजवळच्या रानभाजीवर पडलेल्या अंड्यांतून तिच्या अंगात गेला असावा, असे डॉक्टरांनी मांडले. माणसात तो सापडण्याची ती पहिलीच नोंद. अशा घटना विरळ आहेत आणि विरळच राहतील. त्यांचे भय दाखवून साप मारायला आणखी एक निमित्त देणे हा शुद्ध अपराध ठरेल. हातमोजे, साबण आणि उकळलेली पिशवी एवढ्याने हा धोका जवळजवळ मिटतो. सर्पमित्राला या तीन गोष्टी सरकारी खर्चाने मिळाव्यात, ही मागणी चोचल्यात कशी बसते ते आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

महाराष्ट्राने यात लखनौकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. सर्पमित्र हा शब्दच मराठीने घडवला आणि पुण्याच्या कात्रजच्या सर्पोद्यानाने तो घरोघरी नेला. तरीही बत्तीस शिराळ्यातील नागपंचमीच्या प्रथेवरून चाललेल्या वादात दोन्ही बाजूंनी बोलले गेले ते श्रद्धेविषयी आणि कायद्याविषयी. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांचे प्रदर्शन थांबले. २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक प्रयोजनासाठी मर्यादित संख्येने नाग पकडण्यास मुभा दिली. पकडलेले नाग परत सोडण्यापूर्वी एकमेकांच्या किती जवळ राहिले, त्यांची मडकी वेगळी होती काय, सोडताना त्यांच्या हनुवटीखाली कोणी भिंगाने पाहिले काय, हा प्रश्न ना समर्थकांनी विचारला ना विरोधकांनी.

करायचे काय ते अवघड नाही, म्हणूनच ते न होणे अधिक खटकते. वसाहतीतून उचललेला, जखम नसलेला रानसाप त्याच दिवशी, उचलल्या जागेच्या जवळच सोडावा. अंगावर दोन गोचीड असले तरी त्याला हात लावू नये. दूर सोडलेले साप भटकत राहतात आणि त्यांतले पुष्कळ मरतात, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे, तेव्हा शहरातला प्रत्येक साप एकाच सोयीच्या जंगलात नेऊन टाकण्याची पद्धत सर्वत्र बंद व्हावी. टोपलीतून, पोत्यातून किंवा पाळणाऱ्याच्या घरातून आलेला प्राणी मात्र स्वतंत्र पेटीत काही आठवडे राहिलाच पाहिजे. त्याच्या विष्ठेची तपासणी म्हणजे मिठाचे संपृक्त पाणी, एक काचपट्टी आणि एक सूक्ष्मदर्शक. जंतांची अंडी पाण्यावर तरंगून येतात आणि प्राणिशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी ती ओळखू शकतो. लखनौ विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी शंभर वर्षे हेच तर केले. फरक इतकाच, की आता ते जिवंत प्राण्यासाठी करायचे. आणि सोडण्याच्या पंचनाम्यात दोन ओळी वाढवायच्या: किती दिवस वेगळा ठेवला, तपासणीत काय आढळले.

कुकरैलमध्ये रात्रसफारी उभारून शहरातले जुने प्राणिसंग्रहालयही तिथे हलवण्याची योजना उत्तर प्रदेश सरकारने हाती घेतली आहे. १९२१ पासून शहराच्या मध्यात असलेले प्राणिसंग्रहालय त्याच वनात जाणार, जिथे घडियालांची पिल्ले वाढतात. वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यांना आणि पर्यटकांच्या वाटांना नकाशात जागा मिळेलच. त्यासाठी कोणाला आग्रह धरावा लागणार नाही. जप्त केलेल्या सापांची आणि कासवांची विलगीकरणशाळा घडियालांच्या तळ्यांपासून किती अंतरावर असेल, तिचे पाणी कोणत्या नाल्यात जाईल, साप आणि कासवे वेगळ्या इमारतींत असतील काय आणि तिथे सरपटणाऱ्या प्राण्यांचा पूर्णवेळ वैद्य नेमला जाईल काय, हे आताच विचारले पाहिजे. काँक्रीट ओतून झाल्यावर तळ्याचे पाणी वळवता येत नाही.